'किंडरगार्टन' : एका सामासिक शब्दाची कुळकथा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या जून महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला तालुक्याच्या गावी शाळेत घातले. बहिणीने मोठ्या कौतुकाने घरी सांगितले, "आबा, पोराला के.जी.त घातलं." आमचे आबा मार्केट यार्डात हमाली करतात. पोत्यावर छापलेले 'पन्नास के.जी.' ते रोज पाठीवर घेतात. त्यांना या दोन अक्षरांचा एवढाच अर्थ ठाऊक. ते म्हणाले, "म्हंजी? शाळंत आता वजनावर घेत्यात का पोरं?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसून झाल्यावर दाजी माझ्याकडे वळले. "तू बी.ए. करतीस ना? मग सांग की आबांना के.जी. म्हणजे काय ते." मी 'किंडरगार्टन' असे म्हटले. "आणि त्याचा अर्थ?" या प्रश्नापाशी माझे हसू थांबले. तो शब्द मी कैकदा वाचला होता, बोलले होते. अर्थ कधी शोधला नव्हता. इतकेच नव्हे, तर त्यातल्या दुसऱ्या पदाचे स्पेलिंग मी इंग्रजी 'गार्डन'सारखे 'ड'चे करीत होते. ते 'ट'चे आहे, कारण मूळ शब्द इंग्रजी नाहीच, जर्मन आहे.

कॉलेज उघडल्यावर ग्रंथालयात बसून या शब्दाचा माग काढला. भाषाविज्ञानाच्या तासाला जे शिकलो ते इथे कामी आले. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थी मित्रमैत्रिणींसमोर आणि गुरुजनांसमोर ठेवीत आहे.

समासाचा विग्रह

'किंडर' म्हणजे मुले. 'किंड' हे एकवचन, 'किंडर' हे अनेकवचन. 'गार्टन' म्हणजे बाग. जर्मन भाषेत दोन किंवा अधिक शब्द जोडून एक लांब शब्द करण्याची रीत फार आहे, आणि असा जोडशब्द मध्ये जागा न सोडता सलग लिहितात. आपल्याला हे नवे नाही. संस्कृतातला समास शिकलेल्या विद्यार्थ्याला जर्मन जोडशब्द ओळखीचाच वाटतो. संस्कृतातल्या तत्पुरुष समासाप्रमाणे जर्मन जोडशब्दातही शेवटचे पद प्रधान असते. जर्मनमध्ये 'किंड' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, 'गार्टन' पुल्लिंगी आहे. म्हणून 'किंडरगार्टन' हा सबंध शब्द पुल्लिंगी. आपली 'बालवाडी' स्त्रीलिंगी आहे, कारण वाडी स्त्रीलिंगी आहे. बाल कोणत्याही लिंगाचा असो.

खरी मौज विग्रहात आहे. समास झाला की विभक्तीचे प्रत्यय लोपतात, आणि मग अर्थ वाचणाऱ्याने लावायचा असतो. 'किंडरगार्टन' याचा एक विग्रह 'मुलांसाठी बाग' असा होईल. म्हणजे मुलांना खेळायला, बागडायला केलेली जागा. दुसरा विग्रह 'मुलांची बाग' असा. म्हणजे जिच्यात मुले हीच रोपे आहेत अशी बाग. पहिल्या अर्थात मूल बागेत येते, दुसऱ्या अर्थात मूल बागेत वाढते. ज्याने हा शब्द घडवला त्याला कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे पुढे पाहू.

दोन्ही पदांची कुळी

आधी 'किंड'. जर्मन आणि संस्कृत या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, हे आपण अभ्यासक्रमात शिकतो. पण परीक्षेपुरते पाठ करणे वेगळे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे वेगळे. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली मांडलेला ध्वनिपरिवर्तनाचा नियम आपल्याला आहे. मूळ भाषेतल्या 'ग'चा जर्मन गटातल्या भाषांत 'क' होतो, लॅटिन-ग्रीकमध्ये 'ग' राहतो आणि संस्कृतात काही ठिकाणी त्याचा 'ज' झालेला दिसतो. उदाहरणे घ्या. गुडघा या अर्थी संस्कृत 'जानु', लॅटिन 'गेनु', जर्मन 'क्नी'. जाणणे या अर्थी संस्कृत 'ज्ञा', ग्रीक 'ग्नो', जर्मन 'केनेन'. याच रांगेत तिसरे उदाहरण ठेवा : संस्कृत 'जन्', लॅटिन 'गेनुस', ग्रीक 'गेनोस', आणि जर्मन 'किंड'. म्हणजे 'किंड' हा आपल्या जन्म, जन, जात या शब्दांचा दूरचा भाऊ आहे. त्याचा मूळ अर्थ 'जन्मलेले'. (हाच याकोब ग्रिम आणि त्याचा भाऊ विल्हेल्म यांनी १८१२ पासून लोककथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्याही नावात 'किंडर' हे पद आहे. जर्मन शब्दांची हाडे तपासणाऱ्या माणसाने मुलांच्या गोष्टीही गोळा केल्या, याची मला गंमत वाटली.)

आता 'गार्टन'. आपण बाग म्हटली की फुले आठवतो. पण या शब्दाच्या मुळाशी फुले नाहीत, कुंपण आहे. कुंपण घालून राखलेली जागा ती गार्टन. इंग्रजी 'यार्ड' म्हणजे अंगण, हा त्याचाच सोयरा. स्लाव्ह भाषांत याच मुळातून निघालेल्या शब्दाला तटबंदीचे ठिकाण, नगर असा अर्थ आला. बेलग्राड या शहराच्या नावातला 'ग्राड' तो हाच. गॉथिक ही जर्मन गटातली, आज कोणी बोलत नाही अशी जुनी भाषा. तिच्यात 'गार्ड्स' या शब्दाचा अर्थ सरळ 'घर' असा आहे. आणि अनेक भाषाशास्त्रज्ञ आपला संस्कृत 'गृह' शब्द याच मुळाशी जोडतात. 'गृह' शब्दाचे प्राकृतात 'घर' झाले आणि मराठीत ते तसेच आले. म्हणजे आबा ज्या मार्केट यार्डात राबतात तो यार्ड, आम्ही राहतो ते घर आणि माझा भाचा जातो त्या के.जी.तला 'जी', हे तिघे एका कुळातले निघतात. हे वाचले त्या दिवशी ग्रंथालयातून बाहेर पडताना मला उगीचच श्रीमंत झाल्यासारखे वाटत होते.

शब्दाचा जनक

बहुतेक शब्दांचा जन्मदाता सापडत नाही. 'किंडरगार्टन'चा सापडतो. फ्रीडरिश फ्रोबेल हे त्याचे नाव. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील ओबरवाइसबाख या गावी २१ एप्रिल १७८२ रोजी त्याचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. फ्रोबेल वर्षाचाही झाला नव्हता तोच आई वारली. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले आणि हे पोर घरात असून नसल्यासारखे वाढले. दहाव्या वर्षी मामाने त्याला आपल्याकडे नेले, तेव्हा कोठे त्याला माया म्हणजे काय ते कळले. आईविना वाढलेल्या माणसाने पुढे सारे आयुष्य आई आणि मूल यांच्याविषयी विचार करण्यात घालवले, हा योगायोग नसावा.

पंधराव्या वर्षी त्याला एका वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले. झाडांची ओळख त्याला पुस्तकाआधी रानात झाली. नंतर तो येना विद्यापीठात शिकायला गेला, पण पैसे पुरले नाहीत. कर्ज फेडता न आल्याने त्याला नऊ आठवडे कोठडीत काढावे लागले आणि शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. फी भरण्याच्या शेवटच्या तारखेला ज्यांच्या पोटात गोळा येतो अशा आम्हा विद्यार्थ्यांना हा तपशील चरित्रातल्या इतर तपशिलांपेक्षा जवळचा वाटेल. १८०५ साली फ्रँकफुर्टच्या एका शाळेत तो शिक्षक झाला. याच काळात स्वित्झर्लंडमधील इव्हेर्दों येथे पेस्टालोझी या थोर शिक्षणतज्ज्ञाची शाळा त्याने पाहिली आणि नंतर १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे तेथे राहून काम केले. पुढे बर्लिनला त्याने स्फटिकशास्त्राचा अभ्यास केला. ओबडधोबड दगडाच्या पोटात नियमबद्ध आकार दडलेला असतो, ही गोष्ट त्याच्या मनात कायमची ठसली. त्याने लहान मुलांसाठी जी खेळणी तयार केली ती याचीच साक्ष देतात. पहिल्या संचात लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसऱ्यात लाकडी गोल आणि घन. तिसऱ्यात तोच घन आठ लहान घनांत विभागलेला. या संचांना त्याने 'गाबेन' म्हणजे 'देणग्या' असे नाव दिले.

१८१७ पासून काइलहाऊ या खेड्यात त्याची शाळा चालली. १८२६ साली मानवाच्या शिक्षणावरचा त्याचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु हळूहळू त्याची खात्री होत गेली की सहाव्या-सातव्या वर्षी मूल शाळेत येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. १८३७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याने ब्लांकेनबुर्ग या गावी अगदी लहान मुलांसाठी संस्था काढली. संस्था होती, मुले होती, खेळणी होती. पण मनासारखे नाव नव्हते.

नाव कसे सुचले

लहान मुलांना दिवसभर ठेवण्याच्या जागा त्या वेळी जर्मनीत नव्हत्या असे नाही. डेटमोल्ड येथे १८०२ सालीच अशी एक संस्था निघाली होती. आईबाप कामावर गेल्यावर मुले आगीत-पाण्यात पडू नयेत, रस्त्यावर भटकू नयेत, हा अशा संस्थांचा उद्देश. त्यांना म्हणत 'क्लाइनकिंडर-बेवार-आनश्टाल्ट'. हाही समासच. 'लहान मुले राखण्याची संस्था' हा त्याचा अर्थ. यातले 'बेवार' हे पद 'राखणे' या अर्थाचे आहे. गुरे राखावी तशी मुले राखायची. दुसऱ्या काही संस्था स्वतःला लहान मुलांची 'शाळा' म्हणवीत. फ्रोबेलला हे दोन्ही शब्द नको होते. मुलांना नुसते राखायचे नाही आणि एवढ्या वयात शिकवायचेही नाही, त्यांना आतून उमलू द्यायचे, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी शब्दच उपलब्ध नव्हता.

त्याचा सहकारी बारोप याने या शब्दाच्या जन्माची आठवण लिहून ठेवली आहे. बारोप, मिडेनडोर्फ आणि फ्रोबेल असे तिघे काइलहाऊहून डोंगर चढून ब्लांकेनबुर्गकडे पायी चालले होते. आपल्या या धाकट्या लेकराला चांगले नाव मिळेना, असे फ्रोबेल वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होता. डोंगराच्या वळणावरून खाली ब्लांकेनबुर्ग दिसू लागले, तसा तो एकदम थबकला. त्याचे डोळे चमकले आणि त्याने डोंगर दुमदुमेल एवढ्या मोठ्याने ओरडून सांगितले की, नाव सापडले, 'किंडरगार्टन'! ही आठवण शिष्याने लिहिलेली आहे आणि अशा आठवणींना कथेचे रूप येते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण नंतरची तारीख मात्र पक्की आहे. २८ जून १८४० रोजी, मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवप्रसंगी, 'सार्वत्रिक जर्मन किंडरगार्टन'ची ब्लांकेनबुर्गला स्थापना झाली. त्यासाठी स्त्रियांनी प्रत्येकी दहा थालरचे भाग घ्यावेत असे आवाहन फ्रोबेलने केले होते. त्याला फारसा प्रतिसाद आला नाही. नाव सुचले, पैसा मात्र आला नाही.

आता विग्रहाचा राहिलेला प्रश्न. फ्रोबेलच्या मनात दोन्ही अर्थ होते असे म्हणावे लागते. मुले ही रोपे आणि शिक्षिका ही माळीण, हा अर्थ तर होताच. म्हणूनच या शिक्षिकेला 'किंडरगेर्टनेरिन' म्हणजे 'मुलांची माळीण' म्हणू लागले. माळी रोपाला ओढून वाढवीत नाही. तो माती भुसभुशीत करतो, पाणी घालतो, तण काढतो. वाढण्याचे काम रोपाचे असते. पण त्याचबरोबर फ्रोबेलला खरीखुरी बागही हवी होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा, आणि त्या सर्व वाफ्यांभोवती सगळ्यांचे मिळून सामायिक वाफे, अशी रचना त्याने सांगितली. एकट्याच्या भोवती सर्वांचे संरक्षण असावे, हा विचार त्याने जमिनीवर आखून दाखवला.

बंदी आणि प्रवास

या निरुपद्रवी शब्दावर सरकारी बंदी आली, असे कोणी सांगितले तर खरे वाटणार नाही. पण ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. ही चळवळ निरीश्वरवाद आणि समाजवाद पसरवते, असा आरोप होता. १८४८ ची क्रांती नुकतीच मोडून काढलेली, सरकारला सगळीकडे बंडखोर दिसत होते. त्यातच फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याने स्त्रियांच्या उच्च शिक्षणाविषयी एक पुस्तिका लिहिली होती. सरकारने काका आणि पुतण्या यांच्यात गल्लत केली. फ्रोबेलने खुलासा करूनही उपयोग झाला नाही. २१ जून १८५२ रोजी तो वारला तेव्हा बंदी कायम होती. ती १८६० साली उठली.

परंतु बंदीनेच शब्दाला पाय फुटले असे दिसते. १८४८ नंतर देश सोडून गेलेल्या जर्मन कुटुंबांनी हा शब्द सोबत नेला. १८५१ साली लंडनमध्ये बेर्था रोंगे हिने किंडरगार्टन काढले. १८५६ साली अमेरिकेतील वॉटरटाउन येथे मार्गारेथे शुर्झ हिने जर्मन बोलणाऱ्या मुलांसाठी ते सुरू केले. १८६० साली बॉस्टनला एलिझाबेथ पीबॉडी हिने इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी काढले. इंग्रजीने शब्द जसाच्या तसा घेतला, त्याचा 'ट'सुद्धा बदलला नाही.

इतर भाषांनी निराळी वाट धरली. त्यांनी ध्वनी टाकून दिला आणि अर्थ घेतला. फ्रेंचमध्ये 'जार्दां दांफां', रशियनमध्ये 'द्येत्स्की साद', हिब्रूमध्ये 'गान येलादिम' हे सारे शब्द 'मुलांची बाग' याच अर्थाचे. जपानमध्ये १८७६ साली तोक्योला पहिली अशी शाळा निघाली. तिला 'योचिएन' म्हणतात. त्यातल्या 'एन'चा अर्थ बाग. उलट तुर्की भाषेने बाग नाकारून 'आनाओकुलु' म्हणजे 'आईशाळा' हा शब्द पसंत केला. उसना शब्द आणि उसना अर्थ यांतला फरक समजावून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

वाडी

आपल्याकडचा इतिहास थोडा वेगळा आहे. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया ताराबाई मोडक यांनी घातला. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी भावनगरला काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. त्यांची मुख्य प्रेरणा फ्रोबेल नव्हे, मारिया माँटेसरी. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत आपली पहिली संस्था काढली, तेव्हा तिला 'बालकांचे घर' या अर्थाचे इटालियन नाव दिले. म्हणजे फ्रोबेलने बाग म्हटले, माँटेसरीने घर म्हटले. भाषाशास्त्र मात्र सांगते की 'गार्टन'च्या गोतावळ्यात बाग आणि घर दोन्ही नांदतात.

१९४५ साली ताराबाई आणि अनुताई वाघ आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये त्यांचे काम चालले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. 'बालवाडी' आणि 'अंगणवाडी' हे शब्द या कामातून घरोघरी पोहोचले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर 'बालवाटिका' असा शब्द आला आहे. 'वाटिका' म्हणजे पुन्हा बागच. 'वाडी' हा शब्दही संस्कृत 'वाट' या शब्दाच्या कुळातला, आणि 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपण घातलेली जागा. जर्मन 'गार्टन' आणि मराठी 'वाडी' यांचे रक्ताचे नाते नाही. पण कुंपण, मग बाग, मग वस्ती हा प्रवास दोन्ही शब्दांनी स्वतंत्रपणे केला.

थोडेसे स्वतःविषयी

हा लेख येथे संपवता आला असता. पण एक गोष्ट लिहिल्यावाचून तो प्रामाणिक होणार नाही. प्रथम वर्षाला वर्गात ओळखी करून देण्याचा तास होता. आईवडील काय करतात ते सांगायचे होते. कुणाची आई शिक्षिका, कुणाची बँकेत. मी म्हटले, "आई घरीच असते." ते खोटे होते. माझी आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. ती चौथी शिकली. सकाळी खोली झाडते, पाणी भरते, घरोघर जाऊन मुले गोळा करून आणते, त्यांचे नाक पुसते, त्यांना भरवते. तिला पगार नाही, मानधन मिळते. या समासाचा विग्रह मी करीत नाही. त्यातल्या दोन्ही पदांचे माप किती पडते ते आमच्या घराला ठाऊक आहे. गावात तिला कोणी 'खिचडीवाली' म्हणतात, आणि अंगणवाडी म्हणजे पोरे कोंडून ठेवायची जागा असे समजतात. आईची लाज वाटणाऱ्यांत मीही होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला हे सगळे सांगितले. फ्रोबेल, डोंगर, बंदी, वाफे. ती अंगणवाडीच्या दारापुढे बोरीच्या फांद्या रोवून कुंपण करीत होती. आत मुलांनी लावलेली मेथी वर आली होती. मी म्हटले, "आई, त्या देशात तुझ्यासारखीला माळीण म्हणतात." ती हसली. "ते कुंपणाचं मूळ म्हणालीस ते खरं हाय," ती म्हणाली. "पर कुंपण पोरं कोंडायला नसतंय बाई. शेरडं आत येऊ नयेत म्हणून असतंय."

'बेवार-आनश्टाल्ट' आणि 'किंडरगार्टन' या दोन शब्दांतला फरक मला शब्दकोशातून पुरता उमगला नव्हता, तो त्या दिवशी उमगला. नाव बदलल्याने जागा आपोआप बदलत नाही, हेही खरे. 'बालवाटिका' म्हटले तरी आत मुले नुसती राखलीच जाऊ शकतात. आणि लोक 'खिचडीची शाळा' म्हणोत, तिथे एखादी माळीण आपले काम करीत असू शकते. पण नाव हे एक वचन असते. फ्रोबेलने दिलेले वचन अनेक भाषांनी आपापल्या शब्दांत घेतले आहे. ते पाळले जाते की नाही, हे पाहणे आपल्याकडे आहे.

वर्गातल्या त्या तासाला दिलेले उत्तर मी या लेखाने दुरुस्त करीत आहे. आबांनाही के.जी.चा अर्थ सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग बाग म्हणा की सरळ." शब्दांच्या व्युत्पत्तीत माझ्या काही चुका झाल्या असतील, तर गुरुजनांनी त्या दाखवून द्याव्यात, ही विनंती.